देवरावच्या विहिरीतला पिवळा उजेड

मी चौथी शिकलो. फवारणीचे पंप, टेबलफॅन, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करून पोट भरलं. भूतखेत, चकवा, अंगात येणं... असं कोणी बोलाले लागलं की मी त्याले दुकानाच्या पायरीवरून उठवत होतो. आजही उठवतो. म्हणून हे वाचून कोणी लिंबू-मिरच्या घेऊन माझ्या दारात येऊ नये. आला तर माझ्या शिव्या खाईन.

गोष्ट लाइटची आहे. पाण्याखाली कॅमेरा सोडून शूटिंग करायचं तर गरिबाले परवडणारा लाइट कोणता, याच्यात मी चार महिने घातले. काहून घातले ते आधी सांगतो.

माझी बायको सुमन देवरावच्या विहिरीत गेली. घाटंजीपासून बसनं अर्ध्या घंट्यावर आमचं गाव. गावाच्या कडेले देवरावचं वावर, वावराच्या तोंडाशी विहीर. बोअर आता सगळीकडं आहे, पण बोअरच्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाही, दाणा टणकच राहते. म्हणून बाया दाळीपुरतं पाणी त्या विहिरीतून आणत. त्या दिवशी सकाळी मी ताट सरकवलं. म्हटलं, "दाळ आहे का छर्रे आहेत?" शेजाऱ्यांनी ऐकलं. माझा आवाज मोठाच आहे. सुमन उठली. पाणी आणायचा पितळेचा गुंड घेतला, दोर घेतला, गेली.

दुपारी तिले वर काढलं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळीनं बोंडं आतून खाल्लेली, आन आज या गावातून बातमी, उद्या त्या गावातून. त्या दिवसांत विहिरीत नुसतं तोल जाऊन पडायची कोणाले परवानगीच नव्हती. पडलं म्हणजे जीव दिला, विचारायचं कामच नाही. पोलीस आले. देवरावनं सांगतलं, "सकाळी नवराबायकोचं लय वाजलं साहेब." लिहून घेतलं. झालं.

मी म्हटलं, जीव द्यायले कोणी गुंड घेऊन जाते का? तर पोलीस म्हणे, गुंड दाखव. गळ टाकून विहीर ढवळली, काही लागलं नाही. मोटरी लावून उपसा केला. लाइट आठ घंटे आन झरा चोवीस घंटे, दुसऱ्या दिवशी पाणी तितकंच. आत उतरायले कोणी तयार नाही. देवराव चारचौघांत म्हणे, "गुंड यानंच लपवला असन."

गाव काय म्हणते याचं मले घेणंदेणं नव्हतं. मी गावाशी कधी गोड बोललो नाही, गावही माझ्याशी नाही. पण माझी पोरगी मंदा, उमरखेडले दिलेली... तेरवीचं उरकून ओटा उतरता उतरता म्हणाली, "बाबा, तुमच्या तोंडानं मारलं मायले. आता मले फोन करू नका."

एकुलती एक पोरगी. चार महिने तिनं फोन उचलला नाही. मले तो गुंड फक्त तिले दाखवायचा होता.

घाटंजीत रशीदभाईचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमध्ये मोटर फसली की तो वायरवर बारका कॅमेरा सोडते आन वर पाटीएवढ्या स्क्रीनवर पाहते. मी त्याले मागितला. म्हणाला, "ले जाओ शामरावभाऊ. पर तुमको कुछ दिखेगा नहीं. बोअर आठ इंचाचा असते, हा कुआँ आहे."

तसंच झालं. त्या कॅमेऱ्याच्या काचेभोवती बारक्या लाइटांचं कडं असते. विहिरीत सोडला तर स्क्रीन पांढराफट. पाण्यातला गाळाचा कण न् कण चमके. रशीदभाई म्हणे, "लाइट आँख के बाजू में रखा तो कचराच दिखेगा. दूर रखो, तिरछा मारो."

हे मले शिकवायची गरज नव्हती. घरी लाइट गेली की मी मोटर खोलून बसायचो आन सुमन टॉर्च धरायची. जुना बल्बचा टॉर्च, पिवळा उजेड. माझ्या डाव्या खांद्यावरून धरे, म्हणजे उजव्या हाताची सावली पडत नाही. हात जरासा कापायचा तिचा. मी ओरडायचो, हलवू नको म्हणून. तीस वर्षं ओरडलो.

मग लाइट शोधत हिंडलो. यवतमाळले कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. पोट्ट्यानं काचेतून डबी काढली. "काका, हा पाण्यातला व्हिडिओ लाइट. समुद्रात चालते." किंमत ऐकून मी म्हटलं, तेवढ्यात बकरी येते. "शूट काय करायचं आहे?" म्हटलं, बायकोचा गुंड. त्यानं डबी गुपचाप परत आत ठेवली.

घरी येऊन लोणच्याच्या बरणीत टॉर्च ठेवला, झाकणाले ट्यूबचं रबर आन एमसील लावलं. दहा-बारा फुटांवर बुडबुडे आले, बरणी भरली. मग पाइपात एलईडीची पट्टी घालून पाह्यली. उजेड हातभर जाये, पुढं काळं. देवराव बांधावर बसून तंबाखू मळत पाहे. "टाक टाक. चिखलाचा शिनेमा काढून राह्यला बुढा."

शेवटी जमला तो मोटरसायकलले समोर लावतात तो एलईडीचा दिवा. ज्याले हे काम करायचं असन त्यानं तोच घ्यावा. लोखंडी खोका, जाड काच, बारा व्होल्ट. काचेच्या कडेले आन वायर निघते तिथं सिलिकॉन भरावं आन दोन दिवस वाळू द्यावं, घाई करू नये. करंट द्यायले फवारणीच्या पंपाची बॅटरी. ती बारा व्होल्टचीच असते आन आमच्याकडं घरोघरी पडलेली आहे. पिवळा दिवा दुपटीनं महाग होता, म्हणून मी पांढरा घेतला. कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूनं दीड फुटाची लोखंडी पट्टी कसली आन तिच्या टोकाले दिवा तिरपा बांधला. कॅमेऱ्याचं आपलं कडं काळ्या टेपनं झाकून टाकलं. बादलीभर पाण्यात सुई दिसे.

मंदाले रशीदभाईनं त्याच्या फोनवरून फोन लावला. "बेटी, तुझा बाप येडा होऊन राह्यला. एक डाव येऊन पाहून जा." ती आली. माझ्या घरात पाय ठेवला नाही, बसमधून उतरून सरळ विहिरीवर.

दुपारचे बारा वाजलेले. आभाळ भरून आलेलं, ऊन नव्हतं. हे ध्यानात ठेवा. काठावर मी, रशीदभाई आन मंदा. देवराव बांधावर. बाया जिथं उभ्या राहून पाणी ओढत तिथं पहिले बैलबंडीची फळी टाकलेली असे, आता सिमेंटची नवी लादी होती. तेरवीनंतर आलो तेव्हाच मले दिसली होती. मी समजलो, बाई गेली म्हणून देवरावले शहाणपण सुचलं.

बॅटरीले चिमटे लावले. कॅमेरा पाण्यात गेला. दहा फूट, वीस फूट. दगड दिसे, शेवाळ दिसे. मंदा हाताची घडी घालून उभी. पंचवीसच्या पुढं गाळ वाढला, पुन्हा सगळं मातकट. मी म्हटलं, आखीन सोडा. रशीदभाईनं सोडला. काही नाही. मी म्हटलं, फिरवा. काही नाही.

देवराव बांधावरून हसला.

मंदा म्हणाली, "बस झालं बाबा. मेलेल्या मायचा तमाशा लावला तुम्ही." आन वाकून तिनं बॅटरीचे दोन्ही चिमटे उपटले. हातात धरून उभी राह्यली.

स्क्रीन काळा झाला. कॅमेरा चालू होता, त्याची बॅटरी स्क्रीनच्या खोक्यात होती. पण खाली उजेड नाही तर काय दिसणार. रशीदभाईनं वायर वर ओढाले हात घातला.

आन स्क्रीनवर उजेड आला.

मंद. पिवळा. दिवा उजवीकडं बांधलेला होता, हा डावीकडून आला, जरा वरून. गाळ तोच होता, पण कण चमकत नव्हते. विहिरीच्या बुडाशी एक दगड पुढं आलेला आहे, त्याच्या खालची कपार दिसली. उजेड जरासा हलत होता. तो एका जागी थांबला. तिथं अर्धी फळी होती, मधून मोडलेली. हिरवा रंग, बंडीची जुनी फळी. मग उजेड सरकला. फळीच्या मागं आडवा पडलेला गुंड. गळ्यात दोर, दोराले सुमनची गाठ. ती दोन डाव फिरवून मारते ती. त्याच दोरात फळीचा खिळा अडकलेला.

रशीदभाई हळूच म्हणाला, "भाऊ, बॅटरी तो इधर है." मी मंदाकडं पाह्यलं. दोन्ही चिमटे तिच्या मुठीत होते.

उजेड तिथंच राह्यला. मी मोजलं नाही किती वेळ. एक विडी ओढून व्हावी इतका. मग गेला.

देवराव उठून आला होता. त्यानं पाह्यलं. म्हणाला, "ती फळी कधीचीच पडली होती. बाई जायच्या आधी, दिवाळीलेच बदलली मी."

मंदा त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "काका, माय आदल्या दिवशी मले फोनवर सांगत होती, फळी करकर वाजते म्हणून. मी म्हटलं, देवराव काकाले सांग. ती म्हणे, सांगतलं. काका म्हणे, पाहू." मग म्हणाली, "मी हे विसरून गेलती. चार महिने विसरून गेलती मी."

देवराव चपला घालून निघून गेला.

कॅमेरा वर काढला. दिव्याचं सिलिकॉन सुटलं होतं, आत काठोकाठ पाणी. रशीदभाईनं चिमटे लावून पाह्यले, एक ठिणगी नाही. दुकानात नेऊन खोलला तर आतली पट्टी जळलेली. कधी जळली ते सांगता येत नाही. शूटिंग मात्र आहे. रशीदभाईच्या कार्डात होतं, आता माझ्या पेटीत आहे.

एका शिकलेल्यानं पाहून सांगतलं, उन्हाचा कवडसा. आभाळ होतं, वर लिहिलं आहे. दुसरा म्हणे वायरीत करंट राह्यला असन. करंट काय गाठोड्यात बांधून ठेवता येते? पंप दुरुस्त करता करता माझे हात झिजले, मले नका शिकवू. एक जण म्हणे वहिनींचा आत्मा. त्याले मी पायरीवरून उठवलं. सुमनले आत्मा म्हणू नये. तिले कोणी काही म्हणू नये, म्हणूनच हे लिहून राह्यलो. पोलिसाच्या कागदावर अजून तेच लिहिलेलं आहे. गाव म्हणते, फळीही मीच टाकली. म्हणो.

तो उजेड कुठून आला ते मले माहीत नाही. सात वर्षं झाली, माहीत होईन असंही वाटत नाही.

त्या दिवशी मंदा मुक्कामाले राह्यली. तिनं बोअरच्याच पाण्यात दाळ लावली. शिजली नाही. मी दोनदा वाढून घेतली. संध्याकाळी लाइट गेली, रशीदभाईच्या स्क्रीनची वायर ढिली झाली होती ती मी कसत होतो. मंदानं खुंटीवरचा जुना टॉर्च काढला आन माझ्या मागं येऊन बसली. डाव्या खांद्यावरून धरला. तिचा हात कापत होता, उजेड वायरीवरून इकडं तिकडं जाये.

मी तिले हलवू नको म्हटलं नाही.