पारड्यातली माय

"अजून एक पिपा!" सूत्रसंचालक ओरडला आणि समोरची गर्दी टाळ्या पिटायला लागली.

मी पारड्यात बसले होते. मी वर्ध्याकडची, कापसाच्या मुलखातली, म्हणून टीव्हीवाल्यांनी खास कापूस तोलायचा मोठा काटा उभा केला होता. साखळ्यांना लटकलेली दोन पारडी. एकात मी, दुसऱ्यात गोडेतेलाचे पिपे. एक पिपा ठेवायचे, माझं पारडं जागचं हलायचं नाही. मग आणखी एक. लोक शिट्ट्या मारायचे. शेवटी मी जराशी उचलले गेले तेव्हा तो माईकमध्ये म्हणाला, "अख्ख्या गावाची दिवाळी तळून होईल हो यात!"

मी हसले. हसा म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. पण सांगितलं नसतं तरी हसले असते. जाड पोर हे लहानपणीच शिकते. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसायचं.

मी एसटीत कंडक्टर आहे. राहायला सेलूला. भरल्या गाडीत मी पुढं सरकले की लोक अंग चोरतात आणि तोंड सोडतात. "मॅडम, पहिले स्वतःचे दोन तिकिटं फाडा." हे रोजचं. गुडघे करकरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. ते घरी राहूनही उतरलं असतं. मला मात्र ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरवायचं होतं. ज्यांनी हिणवलं त्यांनीच वाहवा म्हणावी, एवढी हाव. म्हणून बिनपगारी रजा टाकली आणि वजन घटवायच्या त्या स्पर्धेसाठी मुंबईला गेले.

तिथल्या आहारवाल्या मॅडमनी सगळ्यांना विचारलं, "तुम्ही काय खाता?" माझ्यापाशी आल्या, माझं आडनाव वाचलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात काय काय खातात?" प्रश्न कुठून आला ते मला बरोबर कळलं. तरी हसून यादी सांगितली. जिंकायचं होतं ना.

मग कॅमेऱ्यापुढं सांगायला गोष्ट लागते. माझ्याजवळ गोष्ट नव्हती. मुक्कामाच्या गाड्या, स्टँडवरचे आलुबोंडे, अर्धवट झोप. यात कोण रडणार? कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली, "आईबद्दल बोला ना ताई. लाडानं खूप भरवायची, असं काही."

मी बोलले. "माझ्या आईनंच माझी ही गत केली. नको म्हटलं तरी ताटात वाढत राहिली." रडलेसुद्धा. चांगलं भरभरून रडले. मुलगी खूश झाली.

खरं काय होतं ते सांगते. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. दिवसभराचं वेचलेलं संध्याकाळी काट्यावर चढायचं, तेवढी मजुरी. घरी येऊन चुलीपाशी बसायची आणि पहिली भाकर माझ्या ताटात टाकायची. दुसरीही. "मले भूक नाई वं, खाय तू." ती खोटं बोलते हे मला लहानपणीच कळत होतं. कळत होतं तरी मी खात होते. आणि त्या भाकरीचा मी टीव्हीवर गुन्हा केला.

तो भाग घराघरांत दिसला. आई फोनवर एवढंच म्हणाली, "रडत नोको जाऊ. डोये सुजतेत."

वजन उतरत गेलं. मी शेवटच्या फेरीच्या दारात पोचले. तेव्हा टीव्हीवाले म्हणाले, आईला बोलावतो, पारड्यात तुमच्यासमोर बसवतो, मजा येईल. मला विचारलं होतं त्यांनी. फसवलं नव्हतं. मी हो म्हटलं.

आई आली ती नवं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन. तिला वाटलं, लेकीचा सत्कार आहे. मी माझ्या पारड्यात आधीच बसलेली, समोरचं रिकामं पारडं दोघांनी खाली दाबून धरलेलं. सूत्रसंचालक तिला म्हणाला, "या आई, बसा." आई थबकली. चपला काढल्या. वाकून दोन्ही हात पारड्याला लावले, मग कपाळाला.

"काट्याले पाय लावू नाई बापा," ती म्हणाली.

आमच्याकडं दसऱ्याला काट्याची पूजा करतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला पाय लावत नाहीत. गर्दी खो खो हसली. "अहो आई, देव नाही तो!" असं म्हणून त्यानं तिची नक्कल केली, तसाच वाकून. पुन्हा हशा. मग आणखी दोन माणसांनी तिला बखोटीला धरून उचललं, पारड्यात बसवलं आणि सगळ्यांनी हात सोडले.

माझं पारडं जमिनीला टेकलं. तिचं झपकन वर गेलं. तिनं साखळी घट्ट धरली. पाय लोंबकळत होते.

आता जे सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही. माझी पहिली नजर तिच्या तोंडाकडं गेली नाही. ती किती वर गेली ते मी पाहिलं. एवढं उतरवलं तरी एवढा फरक? मला तिचा राग आला. ही इतकी हलकी काऊन? असं मी मनात म्हटलं. आणि का ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आता पिपे!" तो ओरडला. एक जण शिडीवर चढून पिपा घेऊन तिच्याजवळ गेला. आईनं अंग चोरलं आणि त्या पिप्याला जागा करून दिली.

"थांबा," मी म्हटलं.

तडक उठून जावं तर तेही नाही. मी उठले असते तर ती खाली आदळली असती. संतापायलासुद्धा मोकळी नव्हते.

"पहिले माझ्या मायले उतरवा."

"अहो ताई, गंमत आहे ही."

"गंमत असन तर तुमच्या मायले बसवा."

आईला उतरवलं. मग मी उतरले. कुणीतरी म्हणालं, फेरी सोडली तर बाद व्हाल. म्हटलं, करा बाद. आईच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायाशी ठेवल्या.

"काऊन उतरली वं?" आई हळूच म्हणाली. "जिंकून राह्यली होती ना तू?"

टीव्हीवर दाखवताना माझं बोलणं त्यांनी कापलं. आईचं वाकणं आणि लोकांचं हसणं तेवढं ठेवलं. तो तुकडा अजून मोबाईलवर फिरतो. घरी आल्यावर तिनं विचारलं, "मी काई चुकली का वं तिथं?" मी नाही म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. माफी अजून मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देईल. एवढ्या स्वस्तात मला ती नको.

वजन अर्धंअधिक परत आलं. येवो. लोक अजून बोलतात. बोलोत.

पण परवा आष्टीच्या गाडीत एकानं तो तुकडा लावला. शेजारचे वाकून बघायला लागले, हसायला लागले. मी घंटी मारली. गाडी थांबली. "हे माझी माय आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "हिले पारड्यात बसवाले मीच हो म्हटलं होतं. हसाचं तर मले हसा. मोबाईल बंद करा."

त्यानं मान खाली घालून मोबाईल बंद केला. तेव्हाच मी दोनदा घंटी मारून डबल दिली, गाडी निघाली. यापुढंही असंच होईल. माझ्या गाडीत कुणीही तो तुकडा लावला तर गाडी उभी राहील, उशीर होवो की तक्रार जावो. मोबाईल बंद होईपर्यंत मी डबल देणार नाही.