बोरगावच्या बाळूचं कॅल्शियम

टेबलावरच्या पेशंटनं शेपटीचा असा फटका दिला की माझ्या हातातली सिरिंज उडून थेट खिडकीपाशी पडली. मनगटावर लाल वळ उठला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत बैलांच्या लाथा खाल्ल्या होत्या, एका म्हशीनं पायाचं बोट चेचलं होतं. पण दीड हात लांबीच्या जनावराकडून मार खायची ही पहिलीच वेळ.

“त्याले राग आला,” शालूताई म्हणाल्या. “तोंडाले हात लावलेला चालत नाही त्याले.”

पेशंटचं नाव बाळू. जात इग्वाना. इग्वाना म्हणजे मोठ्या सरड्यासारखा दिसणारा, हिरवा, परदेशी प्राणी. झाडावर राहतो आणि पक्का शाकाहारी असतो. सौंसरच्या आमच्या सरकारी पशुचिकित्सालयात असा पेशंट कधी आला नव्हता. मी पांढुर्ण्याहून रोज बसनं येणारा गाई-म्हशींचा डॉक्टर. खरं तर त्याच दिवशी हात जोडून ‘नागपूरला न्या’ म्हणायला हवं होतं. पण टेबलाभोवती दहा माणसं जमली होती, आणि लोक बघायला जमले की मला जरा चेव येतो. हा माझा जुना दोष आहे.

शालूताई गजभिये बोरगावच्या. अंगणवाड्यांच्या सुपरवायझर. चार वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर गेले. मुलगी पौर्णिमा नागपूरला शिकत असताना तिनं रीतसर कागद करून हा प्राणी पाळला होता. पुढे पुण्याला नोकरी लागली. तिथल्या घरमालकानं बाळूला हरकत घेतली, म्हणून तिनं त्याला दोन महिन्यांसाठी आईकडे ठेवलं. त्या दोन महिन्यांची दोन वर्षं झाली होती.

“आधी मले किळस यायची,” शालूताई म्हणाल्या. “आता ड्युटीवरून घरी आली की तो मान वर करून पाहते. घरात कोणीतरी पाहणारं आहे, एवढंच लई झालं मले. याले काही होऊ देऊ नका साहेब.”

मी बाळूचा जबडा हलकेच दाबून पाहिला. हाड टणक लागायला हवं, ते रबरासारखं लागलं. मागचे पाय थरथरत होते. अंगात कॅल्शियम कमी पडलं की हाडं अशी मऊ होतात.

“म्हणजे मुडदूसच नं?” शालूताईंनी विचारलं. लहान मुलांचा मुडदूस त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, त्यामुळे मला फार समजावावं लागलं नाही.

मग हिस्ट्री. खातो काय? पालक आणि संत्री. बाकी कशाला तोंड लावत नाही. पालक बंद करायला सांगितला, कारण पालक कॅल्शियमला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. त्याच्या जागी शेवग्याचा पाला सांगितला. पुढचा प्रश्न, ऊन मिळतं का?

“दिवसभर! आमच्या गॅलरीत सकाळपासून ऊनच ऊन असते.”

मी केसपेपरवर लिहिलं, ऊन भरपूर. आणि कॅल्शियमच्या पावडरकडे वळलो.

पावडर खाऊ घालणं हेच मोठं काम झालं. पाल्यावर भुरभुरली तर बाळू जीभ एकदा लावायचा आणि पाठ फिरवायचा. संत्र्याच्या फोडीला लावली तर फोड तशीच सोडायचा. सिरिंजनं पाजायला गेलो त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. ढोराला औषध पाजताना आम्ही जबडा धरून मान वर करतो. इथे जबडाच मऊ, जोर लावला तर मोडायचा. तीन आठवडे गेले. शालूताईंचा रोज फोन.

“आज बी नाही खाल्लं साहेब.”

“उपाशी ठेवून पाहिलं?”

“दोन दिवस ठेवला. माह्याच घशाखाली घास उतरून नाही राहिला.”

मी हरलो होतो. शालूताई हरल्या नव्हत्या. अंगणवाडीतली पोरं लोहाची गोळी थुंकायची, तेव्हा त्या गूळ-खोबऱ्याच्या लाडवात ती दडवून द्यायच्या. बाळूला लाल रंग आवडतो हे त्यांनी हेरलं होतं. एक दिवस त्यांनी जास्वंदीच्या पाकळीत चिमूटभर पावडर घातली, पानाच्या विड्यासारखी घडी घातली आणि त्याच्यापुढे धरली. बाळूनं गट्ट केली. दुसरी दिली, तीही गेली.

व्हिडिओ आला तेव्हा मी ओपीडीत होतो. खुर्चीतून उठलोच. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही दाखवला. त्याला काही कळलं नाही, पण तो भला माणूस, हसला. संध्याकाळी मी तो व्हिडिओ आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. ‘आमच्या देशी युक्तीनं इग्वाना वठणीवर’ असं वर लिहिलंही. युक्ती शालूताईंची होती. तेवढा खुलासा मी केला नाही.

खूप अंगठे आले. नागपूरला पक्षी, कासवं वगैरे बघणाऱ्या एका मित्रानं मात्र विचारलं, “उन्हाचं काय? यूव्हीचा दिवा आहे का?” मी लिहिलं, “सौंसरात दिवा कशाला? ऊन फुकट आहे.” त्यावरही अंगठे आले.

अडीच महिने बाळू रोज दोन विडे खात होता. मी दर आठवड्याला लसीकरणासाठी बोरगावला जायचो. शालूताईंच्या घराशेजारच्या गोठ्यात दोनदा जाऊन आलो. एकदा त्यांनी दारातून हाक मारली, “साहेब, चहा घेऊन जा, बाळूले बी पाहून जा.” मी गाडीवरूनच “खातोय ना? मग झालं” म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. बाळू पडद्यावर चढताना खाली पडला होता, उठत नव्हता.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो. गॅलरीत खरंच ऊन होतं, डोळे दिपतील असं. तिथेच बाळू पंचावर आडवा पडला होता. एक मागचा पाय भलत्याच बाजूला वळलेला, पाठीला बाक आलेला. आणि गॅलरीला वरपासून खालपर्यंत काच.

“ही काच कधी लावली?”

“बाळू आला तेव्हाच. माकडं येतात नं साहेब, संत्र्याच्या बागेतून. याले उचलून नेलं असतं.”

मी तिथल्या स्टुलावर बसलो. उन्हातले काही किरण कातडीवर पडले की अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगाला लागतच नाही, आलं तसं बाहेर जातं. काचेतून उजेड येतो, ऊब येते. ते किरण येत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

शालूताईंना हे सांगितलं. त्या उठून काचेपाशी गेल्या.

“मंग ते पावडर?”

“पोटात गेली. हाडात नाही गेली.”

“मी बायांले सांगत फिरतो, लेकरू अंगणात न्या, अंगणात न्या. अन् घरच्याले काचेत ठेवलं.”

गाय आजारी पडली की मी आधी गोठा पाहतो. जमीन ओली आहे का, वारा कुठून येतो, गव्हाणीत काय आहे. नव्या डॉक्टरांना मी हेच बजावतो की गोठा पाहिल्याशिवाय औषध लिहू नका. बाळू टोपलीत बसून माझ्याकडे आला, म्हणून त्याला गोठा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खाऊ घालण्यात शालूताई हुशार, ढोरांना औषध पाजण्यात मी हुशार. आम्ही दोघं त्याच नादात राहिलो.

त्याच दिवशी नागपूरला त्या मित्राकडे नेलं. एक्सरेत पाठीचे मणके दबलेले दिसले. मित्रानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. पायाला आधार बांधला, इंजेक्शनं दिली, रोज सकाळी उघड्या उन्हात ठेवायला सांगितलं. शालूताईंनी कोंबड्यांचा जाळीचा पिंजरा आणला आणि रजा काढून गच्चीवर राखण करत बसल्या. अकराव्या दिवशी बाळू गेला.

मी भेटायला गेलो तेव्हा पौर्णिमाचा फोन चालू होता, स्पीकरवर. पोरगी रडत होती. “आई, तू त्याला उन्हात ठेवत नव्हतीस का?”

शालूताई म्हणाल्या, “चुकी माहीच आहे बाई. डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं उन्हाचं. मीच हो म्हटलं. त्यायचा काही दोष नाही.”

हे त्या मला ऐकवण्यासाठी बोलत नव्हत्या. मनापासून बोलत होत्या. मी समोर बसलो होतो, हातात चहाचा कप होता. ‘ताई, फोन इकडे द्या’ एवढंच म्हणायचं होतं. मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि निघालो.

महिनाभर ते मनाला टोचत राहिलं. शेवटी एका लसीकरणाच्या दिवशी आधी त्यांच्याकडे गेलो. गॅलरीची काच काढून टाकलेली होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, “ताई, चूक तुमची नव्हती. मी नीट विचारलं नाही, घरी येऊन पाहिलं नाही. नागपूरच्या मित्रानं हटकलं, तेही उडवून लावलं. पौर्णिमाला फोन लावा, मी सांगतो तिला.”

शालूताईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, थकवा होता.

“आता राहू द्या साहेब. पंधरा दिवस बोलली नाही ते माह्याशी. परवा मोठ्या मुश्किलीनं माफ केलं तिनं मले. आता पुन्हा कोणाकोणाले माफ करत बसंन ते?”

मी नमस्कार केला. बाहेर येऊन गाडी सुरू केली आणि कामाला लागलो. आता चूक झाली की मी जनावराच्या मालकाला तिथल्या तिथे सांगून टाकतो, चहा यायच्या आधी.