जनकाआत्याची गाणी नव्या डिस्कवर

धम्मानंदला आपल्या कामात कुणी बोट घातलेलं अजिबात खपायचं नाही. कुरुंद्यात रेकॉर्डिंग करणारा तो एकटाच, म्हणून लोकही त्याचं ऐकून घ्यायचे. ढोलकीवाला जरा घसरला की हा काचेपलीकडून हात वर करून गाणं थांबवायचा. मग गाणारा सरपंचाचा जावई का असेना! बाप कोंडीबानं जन्मभर गायनपार्टी घेऊन गावं पालथी घातली आणि जाताना एक पेटी मागं ठेवली. पोरानं एका खोलीला आतून गाद्या ठोकल्या, दाराला दुहेरी पडदे लावले आणि पाटी न लावताच धंदा सुरू केला. भीमजयंती जवळ आली की त्याच्या दारात गायकांच्या चपलांचा ढीग पडायचा.

खोलीतला कम्प्युटर म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यातलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जुन्या काळचं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. विंडोज नव्यानं टाकली तर ते सॉफ्टवेअर पुन्हा किल्ली, म्हणजे परवान्याचा नंबर, मागणार आणि ती देणारं कुणी उरलेलं नाही. वर दिमडी, तुणतुणं, बेंजो असे नाना आवाज त्यानं वर्षानुवर्षं त्यात जमवून बसवलेले. ते सगळं उखडून परत मांडायचं म्हणजे दुसरा जन्मच घ्यायला पाहिजे. म्हणून त्या कम्प्युटरला तो बायकोला, करुणाला, साधा फडकासुद्धा मारू द्यायचा नाही.

पण हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. आतून कटकट आवाज यायचा. बटन दाबल्यावर करुणानं चहा ठेवला, सगळ्यांनी तो प्याला, कप विसळले, तरी पडद्यावर गोल फिरतंच राहायचं. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि धम्मानंद उगाच करुणावर खेकसायचा.

अशात जानेवारीत जनकाआत्या आली. कोंडीबाच्या पार्टीतली ती मुख्य गाणारी. दिवसा हळद काढायला मजुरीनं जायची आणि रात्री स्टेजवर उभी राहिली की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न शब्द कळायचा. काय आवाज होता बाई! तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. नांदेडच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की गळ्यातलं आवाजाचं यंत्रच काढावं लागेल, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही.

"मंग आधी धम्माकडं चला," आत्या पोरीला म्हणाली. पोरगी सपना, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. "आपरेशन कुठं पळून जाऊन राहिलं? जयंतीला माझी गाणी भोंग्यावर वाजली पाहिजेत. आन् एक पाळणा बी घे रे धम्मा. हिच्या लेकराला आजीचा आवाज कसा होता ते कळू दे."

खोकला दाबत, मधूनमधून गरम पाण्याचे घोट घेत ती गायली. आठवडाभर गायली. पाळणा म्हणताना काचेपलीकडं धम्मानंदनं डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं केलं. "आत्या, तुमी बिनघोर जा," तो म्हणाला. "तुमचा आवाज माझ्यापाशी हाय."

ती नांदेडला गेली आणि इकडं कम्प्युटर अडून बसला. आत्याची गाणी उघडून साफसूफ करायला घेतली की अर्ध्यातच सगळं गोठायचं. शेवटी धम्मानंदनं ठरवलं, नवी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, आणायची आणि जुन्या डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं तिच्यात उतरवायचं. विंडोज, सॉफ्टवेअर, आवाज, गाणी, सगळं. नव्यानं काही टाकायचं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं ते पाठ केलं. जुनी डिस्क ज्या कंपनीची आणि ज्या मापाची, त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची एसएसडी वसमतहून आणली. मापाला माप बराबर बसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

"अहो, आत्याची गाणी तेवढी आधी पेनड्राइव्हमधी घेऊन ठेवा," करुणा म्हणाली.

"अख्खं घरच उचलून नेऊन राहिलो, तर भांडी येगळी काहून काढू?" तो उखडला. "ती डिस्क मरणाला टेकली. तिला दोनदोनदा राबवू का? एकदाच काय ते होऊ दे. तुला त्यातलं काही कळत न्हाई, तर मधी बोलत नको जाऊ."

करुणा स्वयंपाकाला वळली. ह्या माणसाशी हुज्जत घालून कुणाचं भलं झालं होतं?

दुपारी लाईट टिकते म्हणून त्यानं दुपारी काम काढलं. कम्प्युटरचा डबा उघडला, नवी डिस्क जुनीच्या शेजारी जोडली. आत हळदीची पिवळी धूळ ही एवढी साचलेली, कारण त्या दिवसांत गावभर हळद वाळत पडलेली असते. साफ करायला म्हणून दोन्ही डिस्कच्या वायरी काढल्या, धूळ उडवली, वायरी परत लावल्या. तिथंच घात झाला. वायरींची अदलाबदल झाली आणि जुन्या डिस्कची पहिली जागा नव्या डिस्कला गेली.

पेनड्राइव्हवरून कॉपीचा प्रोग्रॅम सुरू झाला. काळ्या पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, एकाखाली एक. कंपनी तीच, माप तेच, पुढं नुसते लांबलचक आकडे. कुठून घ्यायचं, असं प्रोग्रॅमनं विचारलं. धम्मानंदनं आकड्यांकडं बघितलंसुद्धा नाही. जुनी ती पहिली, नवी ती दुसरी, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की पहिलीवर बोट ठेवलं. कुठं टाकायचं? दुसरीवर. रिकामं-भरलं न बघता कानाकोपऱ्यासकट उतरव, असंही वरून सांगितलं. खालच्या डिस्कमधलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं प्रोग्रॅमनं इंग्रजीत विचारलं. व्हय. परत विचारलं, नक्की ना? व्हय रे बाबा, व्हय!

आणि गडी समाधानानं जेवायला बसला. अरे, एकदा वाचायचं तरी होतं!

काम संपल्यावर त्यानं जुनी समजून एक डिस्क काढून बाजूला ठेवली आणि बटन दाबलं. पडदा काळाच. डिस्कच सापडत नाही, असं आलं. दुसरी लावली, तेच. मग त्यानं त्या लांबलचक आकड्यांशी डिस्कवरचे आकडे ताडून बघितले. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा आत्याच्या गाण्यांवर उतरला होता.

"करुणा," त्यानं हाक मारली. ती आली, त्याचं तोंड बघितलं आणि शेजारी खाली बसली. मी म्हटलं होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला जरा तरी सुटल्यासारखं झालं असतं.

नांदेडला एक माणूस गेलेला डेटा काढून देतो असं कळलं म्हणून धम्मानंद तिथं धावला. त्या माणसानं डिस्क यंत्राला लावली आणि मान हलवली. नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, म्हणाला, पण ह्याच्यावर सगळीकडं शून्यं लिहिली गेलीत, खाली काहीच उरलेलं नाही. त्याच गावात, दवाखान्यात, आत्या पडून होती. धम्मानंद दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. मोबाईलवर कार्यक्रमाच्या दोन-चार क्लिपा लोकांकडून मिळाल्या, पण त्यात भोंगा नुसता फाटत होता. पाळणा तर तिनं कार्यक्रमात कधी म्हटलाच नव्हता.

मार्च सरता सरता दिवस भरत आलेली सपना आत्याला घेऊन थेट त्याच्याच दारात उतरली. आत्या निम्मी झाली होती. गळ्यावर फडकं बांधलेलं. बोलणं बंद, सगळं हातानंच.

"घरी बी गेली न्हाई बघा, दादा," सपना म्हणाली. "आधी गाणी ऐकायची म्हणून हट्टच धरला."

आत्या गाताना बसायची त्याच सतरंजीवर जाऊन बसली. धम्मानंद तिच्यासमोर उकिडवा बसला. "आत्या, गाणी गेली. माझ्याच हातानं गेली. एक बी राहिलं न्हाई, पाळणा बी न्हाई."

आत्या हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले आणि गळ्यावरचं फडकं थरथरलं. तिला वाटलं, हा थट्टा करतोय. रेकॉर्डिंगच्या दिवसांत तो अशीच थट्टा करायचा. चांगलं झालेलं गाणंही "आत्या, गेलं बघा, रेकॉर्डच झालं न्हाई" असं सांगायचा, म्हणजे ती चिडून दुसऱ्यांदा जास्त जोरकस गायची. तिनं त्याच्यावर बोट उगारलं. मग हेडफोन स्वतःच उचलून कानावर चढवले, पदर सारखा केला, डोळे मिटले आणि हातानं खूण केली, लाव.

सपनाला त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं. ती भिंतीला टेकली.

धम्मानंदनं पुढं सरकून आत्याच्या कानावरचे हेडफोन काढले आणि तेच तिला परत एकदा सांगितलं.