गाडीकडे पाठ करून

सुटे भाग मागवून मी घरच्या घरी एक छोटी उघडी गाडी जोडली होती. पण पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक घासत होता, कारण डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा त्याचा कॅलिपर तिरपा बसत होता. शेवटी गाडी टेम्पोत घालून मेहकरच्या एका मिस्त्रीकडे नेली.

तो कान चाकाजवळ नेऊन चाक फिरवायचा, बोल्ट ढिला करायचा, आत पातळ वायसर सरकवायचा आणि पुन्हा ऐकायचा. अखेर चाक बिनआवाज फिरलं. हात पुसत तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

"आना आता. माह्यापाशी आल्यावर ब्रेक दाबा."

"अहो, वेड लागलंय का? बाजूला व्हा!"

"काऊन? मी उभा नाही राह्यलो, त माह्या हाताले भेव कसं राहीन?"

मी गाडी रांगत आणली, तर मागे न बघताच त्याने हात हलवला, "जोरात!" संतापून मी वेग वाढवला आणि जीव खाऊन पेडल दाबलं. गाडी त्याच्या पोटऱ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली. तो वळलाही नाही.

"डावीकडे ओढून राह्यली अजून," एवढंच म्हणाला. खाली बसून त्याने तोच बोल्ट खोलला, आणखी एक वायसर घातला, हात पुसले.

आणि पुन्हा त्याच जागी जाऊन, पाठ करून उभा राहिला.

या वेळी गाडी सुरू करण्याआधीच माझा पाय ब्रेकवर होता.