जहाजामागची सडक

माझे सासरे नौदलात होते. पंधरा वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढून ते परत आले, वर्ध्याजवळ नालवाडीला घर बांधलं आणि जवळच्याच एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा तीही नोकरी संपली होती. आमच्यात भांडण असं कधी नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. "चहा ठेवू का, बाबा?" "ठेव." एवढ्यावर वीस वर्षं गेली. सासूबाई होत्या तोवर इकडचं तिकडे त्याच पोचवायच्या. त्या गेल्या आणि घर फारच गप्प झालं. त्याच वर्षी बाबांनी जहाज करायला घेतलं.

ज्या जहाजावर त्यांनी नोकरी केली ते केव्हाच भंगारात निघालं होतं. त्याचीच ही हातभर लांबीची प्रतिकृती. सागवानाच्या पट्ट्या, डब्यांचा पत्रा, सायकलच्या ब्रेकची तार उसवून केलेले कठडे. तीन वर्षं ते मागच्या खोलीत मान खाली घालून बसलेले असायचे. जहाज पूर्ण झालं आणि महिन्याभरात त्यांना लकवा मारला. बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात काही आला नाही.

एका सकाळी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, तू चित्रकलेची मास्तरीण आहेस ना? मले याच्याखाली समुद्र करून दे."

त्यांच्या तोंडून माझ्यासाठी इतकं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. शाळेत मुलांना शिकवलेला माझा समुद्र म्हणजे एक निळी पट्टी, तिच्यावर नागमोडी रेघा आणि मागे मावळता सूर्य. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? उन्हाळ्याची सुट्टी होती. हो म्हटलं.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून थर्माकोलवर लाटा कोरल्या, रंगवल्या आणि पाण्याची चकाकी यावी म्हणून वरून काचेसारखं घट्ट होणारं रेझिन ओतलं. भर मे महिन्यातली वर्ध्याची दुपार. रेझिन इतकं तापलं की त्यानं खालचं थर्माकोलच खाल्लं आणि मधोमध खड्डा पडला. बाबांनी डाव्या हातानं तो चाचपून पाहिला.

"हे तं उन्हाळ्यातलं बोर धरण झालं," ते म्हणाले. मला हसू फुटलं. मग तेही हसले.

दुसऱ्यांदा प्लायवूडची फळी घेतली. पातळ टिश्यू पेपर गोंदाच्या पाण्यात भिजवून त्यावर पसरला आणि ब्रशच्या टोकानं टिपत गेले. वाळल्यावर बारीक बारीक लाटा उमटल्या. गडद निळसर हिरवा रंग दिला, वर वॉर्निशचे चार हात मारले. फेसासाठी माझ्या भावानं देवळीहून शेतातला कापूस पाठवला. मी जहाजामागे तो छान पसरून ठेवला.

"ही तं गादी झाली," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला अंगणातल्या टाक्याशी नेलं. सुतळीला बांधलेली चप्पल पाण्यावर ठेवायला लावली. "ओढ. हळू ओढ. आता जोरानं." चपलेच्या दोन्ही बाजूंनी लाटांच्या दोन रेघा पंखांसारख्या उघडत मागे गेल्या. "पाह्य, हळू चाल का जोरानं, पंख तेवढेच उघडते. आन मधात सडक राहते. आम्ही तिले सडकच म्हणत होतो. पांढरी नाई, फिक्की हिरवी, गुळगुळीत. फेस फक्त कडेले."

मी कापसाचा एकेक तंतू विंचरून, वॉर्निशमध्ये बुडवून चिमट्यानं कडेकडेनं लावला. मधली सडक फिकट हिरवी ठेवली. आठ दिवस लागले. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. संपलं तेव्हा खुर्चीतून वाकून त्यांनी ते नीट न्याहाळलं.

"बरोबर आहे सगळं," शेवटी म्हणाले. "पण सडक सरळ आहे."

"मग जहाज सरळच जाणार ना, बाबा?"

"वळलेली पाह्यजे."

माझा संयम संपला. शाळेची भाषा कुठल्या कुठे गेली. "आधी काऊन नाई सांगितलं? आठ दिवस मान मोडून बसली मी!"

त्यांनी डाव्या हाताचं बोट सडकेवर ठेवलं. मग म्हणाले, "मी पाण्यात होतो, सूनबाई."

बावीस वर्षांचे होते ते तेव्हा. इंजिनखोलीतली पाळी संपवून हवा खायला वर आले. डेक ओला होता. पाय सरकला आणि ते कठड्याखालून सरळ समुद्रात गेले.

"वर येऊन पाह्यलं तं जहाजाची पाठ दिसली. चाललं होतं आपल्या रस्त्यानं. मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकते? सडकेच्या मधात होतो मी. आई आता भाकर टाकत असंल, असं उगाच मनात आलं. मंग पाह्यतो, तं सडक वाकून राह्यली. थोडी वाकली, मंग आखीन. एक स्वयंपाकी भांड्यातलं खरकटं फेकायले आला होता, त्यानं मले पडताना पाह्यलं होतं. त्यानंच ओरडून जहाज वळवाले लावलं."

"सासूबाईंना माहीत होतं?"

"नाई. सांगतलं असतं तं तिनं परत जाऊ नसतं देल्लं. मंग राहूनच गेलं."

 मी त्यांच्या निकामी हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्याकडून दुप्पट रुंदीची फळी आणली. आता बाबा सांगत होते आणि मी करत होते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला फेस जास्त. वळताना जहाज बाहेरच्या बाजूला झुकतं, म्हणून बुडाखाली एका बाजूनं आगपेटीची काडी सरकवली. सगळं झाल्यावर मी घाबरतच विचारलं, "आणि तुम्ही?"

त्यांनी विचार केला. "डोकं तेवढं दिसंल."

मी स्वयंपाकघरातून मोहरी आणली. चिमटा त्यांनी माझ्या हातातून घेतला. डाव्या हातानं धरलेले दोन दाणे घरंगळून गेले. तिसरा, सडक जिथे अजून सरळ होती तिथे, चिकटला.

समुद्र बैठकीत ठेवला. येणारे-जाणारे जहाजाचं कौतुक करायचे. मोहरी कोणालाच दिसली नाही. एका रविवारी माझे यजमान धूळ पुसत होते. "इथं काहीतरी चिकटलं आहे," म्हणत त्यांनी नख लावलं.

"हात नको लावू!" बाबा खुर्चीतून ओरडले. "मी आहो तो."

यजमानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. फडकं बाजूला ठेवून ते त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या खेपेला त्यात जहाजावरची माणसं आली, पाण्याचा थंडपणा आला, वर ओढून घेतल्यावर स्वयंपाक्यानं पाजलेला चहा आला. मला सांगताना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मीही कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी राहून ऐकत होते.