अकराला पंप बंद

"जरा पंप बंद करता का?" नागावात आमच्या आळीत रोज सकाळी अकराला हे ऐकू यायचं. कुंपणापाशी सर उभे असायचे, खाली पायजमा, वर इस्त्रीचा शर्ट आणि एक बोट वर केलेलं.

मेंदूतल्या नसांचे अगदी बारीक संकेत मोठे करणारा अॅम्प्लिफायर कॉलेजातल्या शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर ते घरीच बनवत होते. फिट येणाऱ्या मुलांच्या डोक्यात बसवायचा. "अटी दोनच," ते म्हणायचे. "त्यानं स्वतः आवाज करायचा नाही आणि तापायचं नाही. पाहुण्यानं राहावं तसं राहायचं." माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. हात स्थिर म्हणून तारांच्या जोडांना सोल्डरिंगचे डाग द्यायला ते मला बोलवत. पाहुण्यासारखं मी मात्र राहिलो नाही, ते सांगतोच.

चाचणी चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, गळून पडलेल्या पायावर. त्यातली नस बोलली की स्पीकरवर टकटक यायला हवी. आम्हाला नुसती गुणगुण. सुपारीच्या वाड्यांतल्या पंपांच्या विजेमुळेच, असं सरांचं मत. ऐन उन्हाळ्यात आळीनं महिनाभर तासतास पंप थांबवले. शेजारच्या वहिनी चिंबोरीचा पाय आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "काय सर, लागला का मेंदू? माझ्या सुपाऱ्या सुकून चालल्यात हां!"

ज्या इस्पितळासाठी हे चाललं होतं, त्यांना नमुना महिनाअखेर द्यायचा होता. नाही जमलं तर ते दुसऱ्या कुणाचा घेणार होते. सरांचं जेवणावरून लक्ष उडालं.

एक दिवस मी मोबाइल चार्जरसकट घरी विसरलो. आणि त्याच सकाळी टकटक, टकटक! सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग टेबलाखालच्या रिकाम्या प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महिनाभर मी आल्या आल्या तिथंच चार्जर खोचत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सर घरोघर गेले, मी मागे मान खाली घालून. "पंपांचा काही दोष नव्हता. चूक माझीच होती," एवढंच ते सगळीकडे म्हणाले. माझं नाव कुठेच घेतलं नाही.

वहिनी हसल्या. "लागलं ना एकदाचं! पण अकराला आम्ही बंदच ठेवू हो. तेवढेच कान मोकळे होतात."

नमुना पसंत पडला. त्याच वर्षी थंडीत सर झोपेतच गेले, समाधानानं गेले असं मला वाटतं. त्यांची आठवण फार येते.

तुम्ही कधी आमच्या आळीत आलात तर अकराच्या सुमाराला या. एकेक पंप थांबतो, झावळ्यांची सळसळ ऐकू येते. मी दुकानात असतो. प्लगमधला चार्जर काढून हातात धरून बसतो.