न बघता दिलेली शाबासकी

अंगठा मोबाइलवर, नजरही मोबाइलवर, आणि दुसरा हात हवेत उंचावून, "फर्स्ट क्लास, बेटा." लालबागच्या आमच्या चाळीत हे तुम्ही ऐकलं असतं, तर पहिल्या दिवशी तुम्हाला कौतुक वाटलं असतं. आठवड्याभरात वीट आला असता. मला आला होता.

हे म्हणणारे गृहस्थ आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, बँकेत कारकून होते. दादरला पालकांचं कसलंसं शिबिर करून आले आणि मुलीशी दिवसातून पाच वेळा चांगलं बोलायचं ठरवलं. त्यासाठी मोबाइलवर पाच गजर लावले. गजर झाला, की मुलगी नुसती दात घासत असली तरी फर्स्ट क्लास.

माझ्या आईलाही शिकवायला आले. "वहिनी, पोरगा कॉलेजात गेला, तुमच्या घरातला पहिला. कधी शाबासकी दिलीत?"

"डब्यात एक चपाती जास्त देते," आई म्हणाली. "तुमच्या गजरात बसतं का ते?"

त्यांची मुलगी चौथीत होती, माझ्याकडे शिकवणीला यायची. एकदा म्हणाली, "दादा, काल बाबांना वहीचं कोरं पान दाखवलं."

"मग?"

"फर्स्ट क्लास म्हणाले."

मी हसलो. ती हसली नाही. त्या माणसाबद्दल उरलासुरला आदरही माझ्या मनातून तेव्हाच गेला.

चाळीच्या सत्यनारायणाला मुलांच्या स्पर्धा असतात. तिनं कवितेसाठी नाव दिलं होतं. आदल्या दिवशी नाव काढून घ्यायला निघाली. "बाबा कशालाही चांगलं म्हणतात. मला खरंच येतं का, कसं कळणार?"

कसं बोलावं ते मलाही नीट कळत नव्हतं. म्हटलं, "तिसऱ्या कडव्यात अडतेस. बाकी छान म्हणतेस." तिनं नाव राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा पहिल्या रांगेत, मोबाइल उगारून. ती तिसऱ्या कडव्यात अडलीच, पण सावरली. बक्षीस मिळालं नाही. नंतर ते सगळ्यांना व्हिडिओ दाखवू लागले, तर कॅमेरा उलटा. आवाज मुलीचा आणि चित्रात यांचंच तोंड. चाळ खो खो हसली. मला वाटलं, बरोबर आहे, दुसरं काय दिसणार.

"डिलीट करतो," ते म्हणाले. मुलीनं मोबाइल ओढून घेतला.

मीही वाकून पाहिलं. त्यांची नजर मोबाइलवर नव्हती, समोर मुलीवर होती, आणि ओठ कवितेबरोबर हलत होते, शब्द न् शब्द. ती अडली तिथे ते पुढचा शब्द आवाज न करता पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"बाबा, तुम्हाला पाठ आहे?"

ते ओशाळले. "रोज ऐकतो ना."

आता ते विरारला राहायला गेलेत. खोटं कशाला सांगू, तो माणूस मला अजूनही आवडत नाही. पण त्यांच्या बंद खोलीवरून जाताना ती संध्याकाळ आठवते. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. व्हिडिओ तिसऱ्या कडव्यापाशी थांबवलेला. पडद्यावर बाबांचं तोंड अर्धवट उघडं, आणि तिचं बोट त्यांच्या ओठांवर.